उसवलेली ओळ

नोंदवाल्या बाई साडेतीनला येणार होत्या, म्हणून थोरल्याने तीन वाजताच कारखान्याचं शटर खाली ओढलं. आज सुट्टी आहे, कामगार नाहीत, शटर उघडं ठेवायचं कारणच काय, असं तो कुणी न विचारताच म्हणाला. मधलीने हातातला कप ठेवला, कॅनव्हासच्या गठ्ठ्यांना वळसा घालून दाराशी गेली आणि शटर पुन्हा कमरेपर्यंत वर केलं. मग डोक्यापर्यंत. एकसष्ट वर्षांच्या बाईला ते जड जातं, पण तिने हूं की चूं केलं नाही.

"बाई वाकून येणार नाहीत," ती म्हणाली.

"बाई येणारच नाहीत. नका येऊ म्हणून मी कळवलं होतं."

"आणि या म्हणून मी कळवलं."

गेल्या आठ दिवसांत दोघं एकमेकांशी थेट बोलले ते एवढंच. एरवी सगळा कारभार धाकट्यामार्फत चालला होता. "तुझ्या ताईला सांग, ट्रकची ताडपत्री आज जायला हवी." "तुझ्या दादाला सांग, ती काल गेली." धाकटा पंचावन्न वर्षांचा, त्यालाही दोन नातवंडं, पण या दोघांच्या मध्ये तो अजून निरोप्याच होता. आत्ताही तो कापायच्या टेबलावर पाय हलवत बसला होता आणि बिस्किटं संपवत होता. ती खरं तर पाहुण्या बाईंसाठी होती.

भांडणाचं मूळ मोजपट्ट्यांच्या खणात होतं. आठ महिन्यांपूर्वी लष्करी स्मशानांच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीकडून एक पत्र आलं होतं. युद्धात सेवेत असताना वारलेल्या एका स्त्रीच्या थडग्यावर नाव नाही, नुसता क्रमांक आहे, ती आपल्या घरातली असावी असं कागदपत्रांवरून वाटतं, कृपया कळवावं. थोरल्याने ते पत्र वाचलं, घडी घातली आणि खणाच्या तळाशी मोजपट्ट्यांखाली सारून दिलं. मागच्या महिन्यात मधली तीस मीटरची पट्टी शोधायला गेली आणि पट्टीऐवजी पत्र घेऊन बाहेर आली. तिने दादाला विचारलं नाही. तिने सरळ कचेरीला उत्तर लिहिलं आणि नंतर दादाला सांगितलं. या घरात त्या क्रमाने काही होत नाही, म्हणून एवढा गहजब.

खिडकीशी छोटी आत्या बसली होती. वय एक्याण्णव. गुडघ्यावर खाकी कापड, तळहाताला चामडी पट्टी, हातात दाभण. नजर अधू झाली, दोरा दुसऱ्याला ओवून द्यावा लागतो, पण एकदा ओवला की बोटं डोळ्यांवाचून चालतात. तिला ऐकू किती येतं हे कुणालाच नक्की ठाऊक नाही, कारण ते विषयावर अवलंबून असतं. तीन पिढ्या तिला छोटी आत्या म्हणत आल्या आहेत. छोटी आहे तर मोठी कुठे, हा प्रश्न आजवर एकाही शहाण्याला पडला नव्हता.

*

नोंदवाल्या बाई बरोबर साडेतीनला आल्या. साठीच्या आतबाहेर, सपाट चपला, खांद्याला भली मोठी पिशवी. उन्हातून चालत आल्यामुळे चेहरा लाल झालेला. त्यांनी पाणी घेतलं, बिस्किटांच्या रिकाम्या बशीकडे पाहिलं आणि सरळ कामाला हात घातला.

"माझी परतीची बस पाचची आहे. उद्या सकाळी यादी पाथरवटाकडे जाते. तिथले सगळे जुने दगड झिजलेत, ते बदलतोय आम्ही. घरच्या माणसाची आज सही मिळाली तर नव्या दगडावर नाव येईल. नाही मिळाली तर जुनाच क्रमांक पुन्हा कोरतील आणि फाइल बंद होईल. आमच्याकडे तेरा वर्षं उघडी आहे ती."

"तेरा वर्षं?" मधली म्हणाली.

"सापडत नव्हतात तुम्ही. पत्ता बदलला, रस्त्याचं नाव बदललं. शेवटी तुमच्या कारखान्याच्या पाटीचा फोटो कुणीतरी पाठवला, तेव्हा धागा लागला. ते नंतर सांगते."

थोरल्याने घसा खाकरला. तो सहासष्ट वर्षांचा होता, आणि चाळीस वर्षं या कारखान्यात शेवटचा शब्द त्याचा होता. उगाच आवाज चढवणं त्याला पसंत नव्हतं.

"बाई, तुम्ही लांबून आलात, त्याबद्दल आभार. पण आमच्या आजोबांनी त्या वेळी लष्कराला लेखी कळवलं होतं की या नावाचं कुणी आमच्या घरात नाही. तो त्यांचा शब्द. आता आम्ही सही करायची म्हणजे ते खोटं बोलले असं जगाला सांगायचं."

"बोललेच होते खोटं," मधली म्हणाली.

"तू तेव्हा होतीस?"

"तू होतास?"

"अरे, जरा थांबा ना," धाकटा टेबलावरून उतरला. त्याचे डोळे चमकत होते. मोजपट्ट्यांचा खण उघडल्यापासून तो मधलीच्या बाजूने होता, आणि त्याला कारण होतं. आपल्या घरात एक युद्धावर गेलेली आत्या निघाली या गोष्टीची त्याला भारी अपूर्वाई वाटत होती. चार मित्रांना सांगूनही झालं होतं. "बाई, ती होती काय लष्करात? विमानात वगैरे?"

"पॅराशूट विभागात. घड्या घालणं आणि दुरुस्ती." बाईंनी फाइल उघडली आणि नाव वाचलं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, आडनावासकट. त्या भिंतींनी ते ऐंशी वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

खिडकीशी दाभण थांबलं. कुणाचं लक्ष नव्हतं.

"चाळीस फुटी टेबलं असायची," बाई सांगत होत्या. "रेशीम पसरायचं, दोऱ्या मोजायच्या, घडी घालायची. प्रत्येक छत्रीच्या खिशात घडी घालणारीच्या क्रमांकाची चिठ्ठी. उघडली नाही तर कुणाची चूक ते कळावं म्हणून. हिच्या क्रमांकावर एकही तक्रार नाही. साडेसहाशे छत्र्या."

"आपल्यासारखंच," मधली हळूच म्हणाली, आणि तिची नजर भिंतीकडे गेली.

भिंतीवर टाक्यांचं कापड होतं. आजोबांनी सुरू केलेली पद्धत. ताडपत्री फाटली की गिऱ्हाईक शिव्या आपल्याला घालतं, मग आपण त्या कुणाला घालायच्या ते कळायला नको का, असं ते म्हणायचे. म्हणून इथे शिवणाऱ्या प्रत्येकाचा शिवणीचा शेवट वेगळा. कुणी दोन गाठी मारतो, कुणी गाठीवर फुली काढतो, कुणी दोरा तिरपा नेऊन मग बांधतो. हात बसला की माणसाने भिंतीवरच्या कापडावर आपली एक ओळ शिवायची. सगळ्यात वर आजोबांची, खाली जुने कामगार, मग बाबा, छोटी आत्या, आणि तळाशी हे तिघे. बाबांच्या ओळीच्या वर मात्र एक जागा रिकामी होती. तिथे नुसती भोकं. आजोबा दाभणाचं टोक तपासायला तिथे भोकं पाडायचे, असं घरात सांगत. दाभण तपासायला माणूस सरळ रेषेत बावीस भोकं पाडत नाही, एवढा विचार कुणी केला नव्हता.

"आणि मग?" धाकट्याने विचारलं. "बॉम्ब पडला?"

"नाही."

"मग उडी वगैरे? दुसऱ्याला वाचवताना?"

"न्यूमोनिया," बाई म्हणाल्या. "रेशमाजवळ शेगडी चालत नाही. तो हॉल हिवाळाभर गारठलेला असायचा. आधी ताप आला, मग छातीत उतरला. लष्करी दवाखान्यात अकरा दिवस होती. बाविसाव्या वर्षी गेली."

धाकट्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्याने पुन्हा टेबलावर बसायला घेतलं, मग बसला नाही.

"म्हणजे… आजारपणानेच," तो म्हणाला. "हां. तसं असेल तर… दादाचंही काही चूक नाही, ताई. मेलेल्या माणसांचं कशाला उकरून काढायचं? मला वाटलं काहीतरी…"

"काहीतरी काय? पदक?"

"तसं नाही गं."

"तसंच आहे. ती जळून मेली असती तर तू पाटी लावली असतीस दारावर. तापाने गेली म्हणून तिला नावही नको? साडेसहाशे माणसं आभाळातून खाली उतरली तिच्या हातच्या घडीवर. तुझ्या हातची एक ताडपत्री मागच्या पावसाळ्यात गोदामावर गळली, आठवतं? तरी तुझं नाव आहे त्या कापडावर."

धाकटा टेबलापासून सरकला. तो आता दादाच्या शेजारी उभा होता, हे सगळ्यांनी पाहिलं. थोरल्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दोन विरुद्ध एक झालं होतं, आणि घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

*

वहिनी चहा घेऊन आली, तेव्हा तिने दवाखान्यापासून पुढचंच ऐकलं होतं. थोरल्याशी लग्न करून ती या घरात आली त्याला अडतीस वर्षं झाली. चारचौघांत ती नवऱ्याचा शब्द खाली पडू देत नसे. जे काय सुनवायचं ते आत स्वयंपाकघरात. त्यामुळे आजही थोरल्याने तिला मोजली नव्हती. ती आपल्याच पारड्यात आहे हे त्याने धरून चाललं होतं.

तिने ट्रे ठेवला. "अकरा दिवस?" तिने विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या.

"मग घरून कोण गेलं होतं?"

बाईंनी थोरल्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत वहिनीला काहीतरी दिसलं. या बाईंना जे ठाऊक आहे ते तिच्या नवऱ्यालाही ठाऊक होतं. एवढ्या वर्षांत तिला त्याची पाठसुद्धा वाचता येत होती, आणि आत्ता तो भिंतीकडे तोंड करून मोजपट्ट्या नीट लावत होता.

"तिसऱ्या दिवशी कळवलं होतं," बाई म्हणाल्या. "दवाखान्यातून पत्र गेलं, घरच्यांना बोलावून घ्या असं. रेल्वेने एका दिवसाचा रस्ता होता. पाचव्या दिवशी पत्र परत आलं. ती गेल्यावर तिचं सामान पाठवलं, तेही परत आलं. दोन्हींवर एकच ओळ लिहिलेली. पहिल्या पत्राबरोबर त्याची प्रत मी जोडली होती तुम्हाला."

"मला पत्राचं एकच पान मिळालं," मधली म्हणाली. मग ती दादाकडे वळली. "प्रत कुठाय?"

"मी फाडली."

"का?"

"कारण ती पाहायची काही गरज नव्हती!" थोरल्याचा आवाज चढला. चाळीस वर्षांत कधी चढला नव्हता तसा चढला. "तू हट्टाला पेटलीस की तुला पुढचं दिसत नाही. आजोबा वाईट म्हणून मोकळी होशील. पण एवढ्यावर नाही संपत ते."

बाईंनी पिशवीतून एक चपटं पुडकं काढलं. तपकिरी कागद, वर सुतळी, कडा पिवळ्या पडलेल्या. पत्त्यावर आडवी रेघ मारून शाईने लिहिलं होतं: या नावाचं कुणी आमच्या घरात नाही.

मधलीने पुडकं हातात घेतलं आणि तिला काही विचारावं लागलं नाही. ते अक्षर ती रोज सकाळी शटर उघडताना पाहत होती. बाहेरची पाटी बाबांच्या हातची होती. प्रत्येक शब्दाच्या शेवटच्या अक्षराला खाली ओढलेली शेपटी. त्याच अक्षरात त्यांनी तिला पहिला धडा गिरवायला दिला होता. बाबा कधी मुंगीवर पाय द्यायचे नाहीत, असं ती आपल्या मुलांना सांगत आली होती.

"पाटीचा फोटो," ती म्हणाली.

"हो," बाई म्हणाल्या. "त्यावरूनच सापडलात."

"सतरा वर्षांचे होते बाबा," थोरला म्हणाला. तो आता भिंतीकडे नाही, तिच्याकडे पाहत होता. "आजोबांनी सांगितलं, त्यांनी लिहिलं. अक्षर चांगलं होतं त्यांचं, एवढाच गुन्हा. आणि पाकीट न उघडता परत केलं असणार. ती आजारी आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. कळलं असतं तर गेले असते. मी बाबांना ओळखतो. मी सही केली की उद्या कुणीही फाइल उघडून हे अक्षर पाहील. मला आजोबांचं काही पडलेलं नाही. मला बाबा जपायचेत."

हे त्याने मनापासून सांगितलं आणि ते सगळ्यांना कळलं. धाकट्याने खाली पाहिलं. मधलीचाही हट्ट क्षणभर ढिला पडला. तिचेही ते बाबाच होते.

बोलली ती वहिनी. "अहो, माझी आई आजारी पडली तेव्हा तुम्ही चौदा तास गाडी चालवलीत. मध्ये जेवलासुद्धा नाहीत. तिचं आणि माझं पटतं का, ती लग्नाला का आली नव्हती, काही विचारलं नाहीत. वेळेवर पोचलो आपण. तिने माझा हात धरला होता." तिने पदराने चहाचा ओघळ पुसला, जो सांडलाच नव्हता. "कुणीतरी या मुलीचा हात धरायला हवा होता. मी मधल्या वन्संच्या बाजूने आहे. आणि हे मी आत जाऊन नाही, इथेच सांगतेय."

थोरला खाली बसला.

*

"उघडलं होतं," छोटी आत्या म्हणाली.

सगळे वळले. तिने गुडघ्यावरचं कापड बाजूला ठेवलं होतं आणि ती हातातली चामडी पट्टी सोडत होती.

"काय उघडलं होतं, आत्या?"

"पाकीट. तू म्हणतोस न उघडता परत केलं. उघडलं होतं. बापाने वाचलं, तुझ्या बाबाने वाचलं. मग पुन्हा चिकटवलं. खळ मी आणून दिली. वाटीतून. मला वाटलं नवीन पत्र लिहिताहेत तिला."

खिडकीतून रस्त्यावरच्या सायकलची घंटा ऐकू आली.

"तुझा बाबा रडला होता," ती थोरल्याला म्हणाली. "तेवढं सांगते तुला. तो म्हणाला, मी जातो. बाप म्हणाला, जा, पण मग परत येऊ नको. तो नाही गेला. लिहायला बसला. सतरा वर्षांचा होता म्हणतोस. ती अठरा वर्षांची होती घर सोडून गेली तेव्हा. एका वर्षाचा फरक पडतो होय माणसात?"

"आत्या, तू हे कधी बोलली का नाहीस?" थोरल्याने विचारलं.

"विचारलं कुणी?" आत्या म्हणाली. मग थोडं थांबून, "आणि विचारलं असतंत तरी नसते बोलले. लाज वाटायची. तू पत्र खणात लपवलंस म्हणून तुझ्या बहिणीने डोकं पिकवलं. मी ऐंशी वर्षं लपवलं. मला कोण बोलणार?"

बापाने लष्कराला तंबू शिवून दिले होते, हे तिला आठवत होतं. अंगणभर खाकी कापड पसरलेलं. तंबू युद्धावर गेलेले चालत होते, मुलगी नाही. मोठीने त्याच अंगणात उभं राहून हे बापाला तोंडावर सांगितलं होतं, आणि सुयांची गुंडाळी काखेत मारून ती निघाली होती. जाताना तिने धाकट्या बहिणीच्या केसांवरून हात फिरवला नाही की काही नाही. घाईत होती. म्हणाली, ती कड दुमडून ठेव, उसवेल.

दुसऱ्यांदा टपालवाला आला तेव्हा पुडकं त्याच्या हातात परत दिलं ते छोटीनेच. पळत जाऊन. आणि त्याच दुपारी बापाने तिला स्टुलावर उभं केलं आणि भिंतीवरची ती ओळ उसवायला सांगितलं. तुझी बोटं बारीक आहेत, तो म्हणाला.

"अख्खी दुपार गेली," ती आता बाईंना सांगत होती, कारण घरच्यांकडे पाहून सांगता येईना. "सगळ्यांच्या टाक्याला गाठ असते. गाठ कापली की दोरा ओढायचा, झालं. हिच्या टाक्याला गाठच नसायची. तीन टाके मागे, एक आडवा, आणि टोक कापडाच्या पदरात ढकललेलं. शेवट सापडतच नाही. एकेक टाका सुईने उचलून कापावा लागला. बावीस. मी मोजले."

बाईंनी हळूच पुडक्याकडे पाहिलं. "उघडू का? आमच्याकडे कुणी उघडलेलं नाही. घरच्यांनीच उघडायचं असतं."

"आण इकडे."

सुतळी मधलीने कापली. आत एक कंगवा होता, एक फुटका आरसा, आणि खाकी कापडाची सुयांची गुंडाळी. सुया गंजून कापडाला चिकटल्या होत्या. आत्याने गुंडाळी डोळ्यांजवळ नेली नाही. तिने कडेवरून अंगठा फिरवला, शिवणीच्या टोकापर्यंत नेला आणि तिथे थांबवला.

मधली भिंतीकडे गेली. तिने दोन खिळ्यांवरून टाक्यांचं कापड उतरवलं आणि टेबलावर पसरलं. गुंडाळीची कड तिने रिकाम्या ओळीला लावली. तीन मागे, एक आडवा. भोकं जिथल्या तिथे बसली. मग तिची नजर खाली सरकली. बाबांची ओळ, दोन गाठी. त्याखाली छोटी आत्याची.

"दादा," ती म्हणाली. "इकडे ये."

थोरला उठून आला. तो टाका तो लहानपणापासून ओळखत होता. छोटी आत्याचा टाका, गाठ नसलेला, कारखान्यात सगळ्यात पक्का. तिच्या हातची एकही ताडपत्री शिवणीतून उसवून परत आली नव्हती. आणि तो वरच्या भोकांशी तंतोतंत जुळत होता.

"बाराव्या वर्षी माझी ओळ शिवायची वेळ आली," आत्या म्हणाली. "बाप शेजारी उभा होता. मी तिचाच शिवला. त्याने पाहिलं. तो कारागीर होता, त्याला न कळायला काय झालं? काही बोलला नाही. तेव्हापासून हाच शिवतेय. किती ताडपत्र्या झाल्या असतील, देव जाणे. सगळ्या तिच्या नावाच्या. तिला घरातून काढलं म्हणता? कुठे काढलं? अर्ध्या गावाच्या डोक्यावर तीच तर आहे."

आणि ती हसली. तोंडात चार दात, पण हसणं असं की वहिनीच्या अंगावर काटा आला.

*

चार चाळीस. बाईंनी फॉर्म टेबलावर ठेवला आणि थोरल्यापुढे पेन धरलं.

"त्याला कशाला देता?" आत्या म्हणाली. "तो भाचा. सख्खी बहीण जिवंत बसलीय इथे. महिनाभर तुम्ही लोक सही करायची की नाही यावर भांडताय. माझी सही आहे ती. मला कुणी विचारलं?"

तिने सही केली. पाच मिनिटं लागली, अक्षर ओळीबाहेर गेलं, कुणी हात धरायला गेलं तर तिने कोपराने ढकललं.

"आता एक राहिलं," बाई म्हणाल्या. "दगडावर खाली घरच्यांची एक ओळ असते. चाळीस अक्षरांत बसवायची. बहुतेक लोक 'लाडकी कन्या' लिहितात. किंवा 'तुझी आठवण सदैव'."

"'घराण्याचा अभिमान' लिहा," धाकटा म्हणाला. त्याला भरून आलं होतं आणि ते मनापासूनच होतं.

"खोटं लिहायचं नाही," आत्या म्हणाली. "लाडकी असती तर तिथे एकटी मेली नसती. बाई, लिहून घ्या. पत्र मिळालं होतं. आम्ही आलो नाही."

बाईंचं पेन थांबलं. "आजी, मी हे काम तीस वर्षं करतेय. असं कुणी लिहीत नाही."

"मग आम्ही लिहू."

"आत्या, अगं, ते दगडावर कोरणार आहेत!" थोरला म्हणाला. "येणारा जाणारा वाचेल. बाबांची…"

"वाचू देत. तुझ्या बाबाचं नाव घातलंय का मी? बापाचं घातलंय? 'आम्ही' म्हटलंय. त्यात मीही आले. खळ कुणी आणली?" तिने टेबलावर बोट आपटलं. "तिकडे ती ऐंशी वर्षं पडलीय आणि लोक म्हणत असतील, हिचं कुणी नव्हतंच. होतं. आम्ही होतो. धडधाकट होतो, एका दिवसाच्या रस्त्यावर होतो, आणि गेलो नाही. हे एवढं तरी तिच्या बाजूने कुणी लिहून ठेवायला नको?"

थोरल्याने तोंड उघडलं. त्याने मधलीकडे पाहिलं, ती आता त्याला काहीतरी बोलेल म्हणून. पण मधली रडत होती, आणि रडताना ती अगदी बाबांसारखी दिसायची, हे त्याला ठाऊक होतं.

"किती अक्षरं होतात?" त्याने बाईंना विचारलं.

बाईंनी बोटावर मोजली. "बसतं. जागा उरते."

"मग लिहा."

बाई फॉर्म पिशवीत घालून उठल्या. धाकट्याने गाडीची किल्ली काढली, म्हणाला, मी सोडतो बसला, चालत नका जाऊ. जाताना बाईंनी आत्याला हात जोडले, आणि का कोण जाणे, आत्याने त्यांच्या केसांवरून हात फिरवला.

खिडकीतलं ऊन टेबलाच्या कडेपर्यंत आलं होतं. टाक्यांचं कापड तसंच पसरलेलं होतं. आत्याने ते आपल्या गुडघ्यावर ओढून घेतलं, चामडी पट्टी पुन्हा बांधली आणि बोटांनी पहिलं भोक शोधलं.

"दाभण दे," ती थोरल्याला म्हणाली. "दोरा ओवून. उजेड आहे तोवर होईल."

थोरल्याने रीळ घेतलं. दोऱ्यावर मेण फिरवलं, दाभणात ओवला आणि हाताच्या सवयीने टोकाला घट्ट गाठ मारली. दाभण तिच्या हातात दिलं. तिने दोऱ्यावरून बोटं नेली, शेवटापर्यंत, आणि दाभण परत केलं.

"गाठ काढ," आत्या म्हणाली. "तिला गाठ नसते."

मेणाची गाठ नखांनी सुटेना. थोरल्याने कात्री घेतली, ती कापून टाकली आणि दाभण पुन्हा तिच्या हातात दिलं.